आर्डुइनो आणि ईएसपी३२ साठी कॉम्प्युटर तयार करायचाय? केबलपासून पहिल्या ब्लिंकपर्यंत

आर्डुइनो किंवा ईएसपी३२, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आलाय, खोक्यातून काढलाय, यूट्यूबवर कोणीतरी दहा मिनिटांत रोबोट पळवून दाखवलाय आणि आपल्याकडे मात्र अपलोड दाबलं की नुसती लाल अक्षरांची रांग. नवीन माणूस कोडिंगमध्ये अडकतच नाही हो, तो त्याच्या आधी सेटअपमध्येच अडकतो आणि मग बोर्ड कपाटात जातो. म्हणून हा लेख. विंडोजचा लॅपटॉप, क्लोन (दुसऱ्या कोणी बनवलेला) आर्डुइनो उनो किंवा नॅनो आणि ईएसपी३२ एवढं धरून लिहिलंय, कारण डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या पोरांपासून हौशी काकांपर्यंत बहुतेकांच्या हातात हेच असतं. लिनक्सवाल्यांसाठी खाली वेगळा भाग आहे.

एक नियम आधीच सांगतो, बाकी लेख विसरलात तरी चालेल. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. केबल, मग ड्रायव्हर, मग पोर्ट, मग बोर्डाचं नाव, मग ब्लिंक, म्हणजे बोर्डावरचा एलईडी लुकलुकवणारा पहिला छोटा प्रोग्राम. आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. सेन्सर, रिले, मोटर, प्रोजेक्टचा कोड सगळं बाजूला, बोर्डाला यूएसबी सोडून एकही वायर नको. लोक काय करतात, ब्रेडबोर्डवर सगळं जोडतात, कुठूनतरी आणलेला तीनशे ओळींचा कोड टाकतात, अपलोड मारतात, आणि मग गडबड केबलची आहे, ड्रायव्हरची आहे का कोडची हे शोधणार कसं?

बोर्डाकडे आधी नीट बघा

उनोवरचा मुख्य चिप म्हणजे एटीमेगा३२८पी. १६ मेगाहर्ट्झवर चालतो, प्रोग्रामसाठी ३२ केबी जागा आणि रॅम फक्त २ केबी. हो, केबीच, एमबी नाही. या चिपला यूएसबी कळतच नाही, त्याला साधं सीरियल कळतं, म्हणून बोर्डावर यूएसबीच्या तोंडाजवळ आणखी एक छोटा चिप असतो जो दुभाष्याचं काम करतो. सगळी ड्रायव्हरची भानगड या दुसऱ्या चिपची असते, मुख्य चिपची नाही, हे लक्षात आलं की अर्धं कोडं सुटलं.

ओरिजिनल उनोवर हा दुसरा चिप एटीमेगा१६यू२ असतो. लॅमिंग्टन रोडवर, तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन जे स्वस्त बोर्ड मिळतात त्यांच्यावर बहुतेक वेळा सीएच३४० असतो. ईएसपी३२ वर सीपी२१०२ किंवा परत सीएच३४०. मोबाइलचा टॉर्च लावा, कॅमेरा झूम करा आणि चिपवरचं नाव वाचून कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणारे.

क्लोन म्हणजे चोरीचा माल असं समजू नका. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालं, विद्यार्थ्यांना परवडेल असा बोर्ड हवा म्हणून, आणि उनोची डिझाइन त्यांनी खुली ठेवली. तसाच बोर्ड दुसऱ्याने बनवायला हरकत नाही, फक्त त्यांचं नाव आणि लोगो छापायचा नाही. शिकायला क्लोन चांगलाच आहे, जळला तरी जीव तुटत नाही.

आणि बोर्ड स्टीलच्या टेबलावर किंवा लॅपटॉपच्या मेटल बॉडीवर ठेवू नका, खाली उघड्या पिना असतात, शॉर्ट होतो. ज्या खोक्यातून आला त्याचा पुठ्ठा घ्या खाली.

केबल

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात आणि कोणालाच वाटत नाही की केबलचा प्रॉब्लेम असेल.

यूएसबी केबलमध्ये साधारण चार तारा असतात, दोन पॉवरच्या, दोन डेटाच्या. पण ट्रिमरबरोबर, ब्लूटूथ स्पीकरबरोबर, स्वस्त पॉवरबँकबरोबर ज्या केबली येतात त्यातल्या बऱ्याचशा फक्त चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा आत नसतातच. अशी केबल लावली की बोर्डावरचा पॉवरचा एलईडी मस्त लागतो, आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि कॉम्प्युटरला मात्र बोर्ड लावलाय हे कळतसुद्धा नाही. मग माणूस ड्रायव्हर टाकतो, काढतो, परत टाकतो, विंडोज फॉरमॅट करायच्या गोष्टी करायला लागतो.

तपासायचं कसं? मायक्रो यूएसबी किंवा टाइप सी केबल असेल तर तीच केबल मोबाइलला लावा, मोबाइल कॉम्प्युटरला जोडा, नोटिफिकेशनमध्ये फाइल ट्रान्सफर निवडा आणि एखादा फोटो कॉपी करून बघा. फोटो आला तर केबल चांगली. उनोला लागते ती चौकोनी तोंडाची केबल म्हणजे प्रिंटरची केबल, ती सहसा डेटावालीच असते. जुन्या नॅनोला मिनी यूएसबी लागते, ती हल्ली घरात सापडत नाही, बोर्ड घेतानाच मागून घ्या.

टाइप सी वाल्या स्वस्त बोर्डांची एक वेगळीच गंमत आहे. दोन्हीकडे टाइप सी असलेली केबल लावली तर बोर्ड चालूच होत नाही, आणि एका बाजूला जुनं रुंद यूएसबी असलेली केबल लावली की लगेच चालू होतो. कारण टाइप सी मध्ये समोर कोण आहे हे ओळखायला बोर्डावर दोन छोटे रेझिस्टर लागतात आणि पैसे वाचवायला काही जण ते बसवतच नाहीत. बोर्ड मेला असं समजून परत पाठवण्याआधी केबल बदलून बघा. आणि हब, एक्स्टेन्शन, डेस्कटॉपचं पुढचं ढिलं पोर्ट हे पहिल्या वेळेला टाळा, सरळ मशीनच्या पोर्टात लावा.

आयडीई टाकणे

आर्डुइनोच्या अधिकृत साइटवरून आर्डुइनो आयडीई, म्हणजे कोड लिहून बोर्डावर पाठवायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. फुकट आहे. डाउनलोडच्या आधी देणगी मागणारं पान येतं, तिथे फक्त डाउनलोड असं बटण पण असतं, ते दाबा, मन झालं तर नंतर द्या देणगी.

२०२२ च्या सप्टेंबरात आयडीई २ आली, नवीन माणसाने तीच घ्यावी. त्यासाठी विंडोज १० किंवा पुढचं आणि तेही ६४ बिट लागतं. घरातला जुना ३२ बिटवाला किंवा विंडोज ७ चा कॉम्प्युटर असेल तर त्याच साइटवर खाली १.८.१९ आहे, ती घ्या, दिसायला जुनाट आहे पण हलकी आहे आणि उनो-नॅनोचं सगळं काम करते. कमी रॅमच्या मशीनवर तर मी १.८.१९ च सांगेन, आयडीई २ उघडेपर्यंत चहा होतो.

इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा उघडताना नेट चालू ठेवा, कारण उनो-नॅनोचं पॅकेज ती स्वतःहून उतरवते. मधेच फायरवॉल परवानगी मागते, ती द्या. ड्रायव्हर इन्स्टॉल करू का असं विचारतं, तिथेही हो म्हणा.

आता आपल्याकडची खास अडचण. विंडोजचा अकाउंट बनवताना कोणी हौसेने नाव देवनागरीत टाकलं असेल तर युजर फोल्डरचं नावही देवनागरीत होतं, आणि आयडीई आपली पॅकेजेस त्याच फोल्डरच्या आत ठेवते. आतले कंपायलर, म्हणजे आपल्या कोडचं चिपच्या भाषेत भाषांतर करणारे प्रोग्राम, इतके जुन्या वळणाचे आहेत की असा पाथ बघून गडबडतात, फाइल सापडत नाही म्हणतात. अकाउंटचं नाव नुसतं बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव तेच राहतं. सरळ उपाय म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरात, स्पेस न देता एक नवीन लोकल अकाउंट बनवायचा आणि आर्डुइनोचं काम तिथे करायचं.

दुसरं, डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी सिंक होत असेल तर स्केचेस, म्हणजे आपले प्रोग्राम, पण तिकडे जातात आणि कधी कधी फाइल लॉक होऊन बसते. आयडीईत फाइल, प्रेफरन्सेस मध्ये जाऊन स्केचबुकची जागा बदला, सी ड्राइव्हवर एक साधा फोल्डर करा आणि तो द्या.

ड्रायव्हर

बोर्ड लावा. विंडोजच्या स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे पोर्ट्स नावाचा गट शोधा. सीएच३४० असं नाव आणि पुढे कंसात कॉम५ किंवा असा काही नंबर दिसला तर अभिनंदन, ड्रायव्हर आधीच आहे, हा भाग सोडून पुढे जा. विंडोज १० आणि ११ नेट चालू असेल तर बऱ्याचदा ड्रायव्हर आपोआप आणतात, दोन मिनिटं थांबा.

पिवळा त्रिकोण दिसतोय, अदर डिव्हाइसेसमध्ये पडलंय? मग ड्रायव्हर नाही. चिपचं नाव कागदावर लिहिलंय ना, ते बघा. सीएच३४० असेल तर तो बनवणाऱ्या डब्ल्यूसीएच कंपनीच्या साइटवरून सीएच३४१एसईआर नावाची फाइल घ्या, तीच ३४० ला पण चालते. सीपी२१०२ असेल तर सिलिकॉन लॅब्जच्या साइटवरून घ्या. ड्रायव्हर अपडेटर, ड्रायव्हर बूस्टर छापाच्या साइटवर जाऊ नका, त्या ड्रायव्हरबरोबर चार नको ती सॉफ्टवेअर टाकतात. इन्स्टॉल झालं की बोर्ड काढून परत लावा, नाहीच दिसला तर रीस्टार्ट.

पिवळा त्रिकोणही नाही, काहीच नाही, बोर्ड लावला-काढला तरी डिव्हाइस मॅनेजरची लिस्ट हलतच नाही? परत केबलवर जा. ड्रायव्हर नसला तरी विंडोजला काहीतरी लावलंय एवढं कळतंच. काहीच हललं नाही म्हणजे डेटाच्या तारा पोचतच नाहीयेत.

कॉलेजच्या लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड नसेल तर आयडीईची झिप फाइल उघडून चालवता येते, पण ड्रायव्हर मात्र ॲडमिनशिवाय पडत नाही. लॅब असिस्टंटना आदल्या दिवशीच गाठा.

बोर्ड आणि पोर्ट निवडणे

आयडीईत टूल्स, बोर्ड मध्ये जाऊन आपला बोर्ड निवडा. क्लोन उनो असला तरी उनोच. उनो आर४ हा वेगळा प्रकार आहे, २०२३ मध्ये आलेला, त्याचा चिपच वेगळा, तो असेल तर बोर्ड मॅनेजरमधून त्याचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

मग टूल्स, पोर्ट. तीन-चार कॉम पोर्ट दिसले तर घाबरू नका, कॉम१ बहुतेक मदरबोर्डचा असतो, आणखी एक-दोन ब्लूटूथचे असतात. आपला कोणता? बोर्ड काढा, लिस्ट बघा, बोर्ड लावा, लिस्ट बघा, जो नवीन आला तो आपला. तोच बोर्ड दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावला की नंबर बदलू शकतो, काल चालत होतं आज नाही याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. क्लोन बोर्डाचं नाव पोर्टच्या पुढे दिसत नाही, नुसता नंबर दिसतो, ते बरोबरच आहे.

नॅनोवाल्यांसाठी एक गोष्ट लिहून ठेवा. टूल्समध्ये प्रोसेसर असा पर्याय येतो, त्यात एटीमेगा३२८पी आणि एटीमेगा३२८पी ओल्ड बूटलोडर असे दोन आपल्या कामाचे आहेत. बूटलोडर म्हणजे चिपमध्ये आधीच बसलेला, अपलोड झेलणारा छोटा प्रोग्राम; स्वस्त नॅनोंवर अजून जुना बूटलोडर असतो जो वेगळ्या स्पीडने बोलतो. पहिल्याने अपलोड होत नसेल तर दुसरा निवडून बघा, पंचवीस व्हिडिओ बघण्याआधी हे करा.

ब्लिंक, पण खात्री करून

फाइल, एक्झाम्पल्स, बेसिक्स, ब्लिंक. उघडा. आधी बरोबरची खूण असलेलं व्हेरिफाय बटण दाबा, म्हणजे नुसतं कंपाइल होईल, बोर्डाशी संबंध नाही. खाली स्केच ९२४ बाइट घेतोय, जास्तीत जास्त ३२२५६, असं काहीसं आलं की कंपायलर ठीक आहे. ३२ केबीतली थोडी जागा बूटलोडर खातो म्हणून आकडा पूर्ण ३२७६८ नाही.

आता बाणाचं बटण, अपलोड. बोर्डावर टीएक्स, आरएक्स असे दोन एलईडी फडफडतात आणि डन अपलोडिंग येतं. एल लिहिलेला एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद.

पण थांबा, एवढ्यावर खूश होऊ नका. बरेच बोर्ड फॅक्टरीतूनच ब्लिंक टाकून येतात! म्हणजे तुम्ही काही केलं नसतं तरी तो लुकलुकलाच असता. म्हणून कोडमध्ये डिले च्या कंसात जे १००० आहे ते दोन्ही ठिकाणी १०० करा आणि परत अपलोड करा. एलईडी पटपट लुकलुकायला लागला की कॉम्प्युटर ते बोर्ड ही अख्खी वाट मोकळी आहे हे सिद्ध झालं. नवीन बोर्ड, नवीन लॅपटॉप, दुसऱ्याचा लॅपटॉप, दर वेळी आधी हे करायचं, मगच बाकीचं.

आणि मी लेखात आकडे मराठीत लिहिलेत, तुम्ही कोडमध्ये इंग्रजीच टाका. हे सांगायचं कारण पुढे आहे.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तर

व्हॉट्सॲपवर मराठीत टाइप करत होतात, तसेच आयडीईत आलात आणि डिले मध्ये १०० टाकलं. दिसायला ठीक, पण कंपाइल केलं की उनोवर एरर येते स्ट्रे आणि पुढे ३४०, मग परत स्ट्रे २४५ वगैरे वगैरे, एका आकड्याला तीन-तीन एरर. घाबरायला होतं पण कारण साधं आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर कॉम्प्युटरमध्ये तीन बाइटचं साठवलं जातं, त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो आणि ऑक्टलमध्ये (आठ अंकांच्या मोजणीत) तो ३४० होतो. म्हणजे स्ट्रे ३४० दिसलं की समजायचं, कोडमध्ये कुठेतरी देवनागरी अक्षर घुसलंय. ती ओळ पुसून इंग्रजी कीबोर्डवर परत टाइप करा.

याचाच भाऊ म्हणजे स्ट्रे ३४२. हा पीडीएफ किंवा वर्डमधून कोड कॉपी केला की येतो, कारण तिथे सरळ अवतरणचिन्हांची वाकडी झालेली असतात, किंवा वजाच्या जागी लांब डॅश आलेला असतो. कॉलेजचं मॅन्युअल पीडीएफमध्ये असेल तर हे होणारच, कोड हातानेच टाइप करा, शिकणंही होतं.

कॉमेंटमध्ये मात्र मराठी बिनधास्त लिहा. दोन तिरक्या रेघांच्या पुढे कंपायलर वाचतच नाही, त्यामुळे या पिनला रिले आहे, हात लावू नये, असं मराठीत लिहिलं तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळेल.

लाल अक्षरं आली तर

पहिलं म्हणजे शेवटची ओळ नका वाचू, वर स्क्रोल करून पहिली एरर वाचा. खालच्या बहुतेक त्या एकीचीच पिलावळ असते.

नॉट इन सिंक, प्रोग्रामर इज नॉट रिस्पॉन्डिंग: कॉम्प्युटर हाक मारतोय, बोर्ड ओ देत नाही. चुकीचा पोर्ट, चुकीचा बोर्ड, नॅनोचा जुना बूटलोडर, किंवा उनोच्या ० आणि १ नंबरच्या पिनला काहीतरी जोडलंय. या दोन पिना त्याच सीरियल लाइनच्या आहेत जिच्यावरून अपलोड होतो, त्यामुळे तिथे ब्लूटूथ मॉड्यूल लावलं असेल तर अपलोडपुरतं काढावंच लागतं.

ॲक्सेस इज डिनाइड किंवा पोर्ट बिझी: पोर्ट एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळतो. आयडीईची दुसरी विंडो, थॉनी (पायथनसाठीचं सॉफ्टवेअर), थ्रीडी प्रिंटरचं सॉफ्टवेअर, काहीतरी तो धरून बसलंय. सगळं बंद करा, बोर्ड काढून लावा.

काल चालत होतं, विंडोज अपडेटनंतर बंद: सीएच३४० च्या बाबतीत नवीन ड्रायव्हर आणि स्वस्त चिपचं कधी कधी जमत नाही. डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, रोल बॅक. यूएसबी चिपवाल्या कंपन्या आणि नकली चिप यांचं भांडण जुनं आहे, २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख नंबरच शून्य करून टाकला होता आणि जगभर लोकांचे बोर्ड अचानक दिसेनासे झाले. बिचाऱ्या गिऱ्हाइकाला माहीतही नसतं आपल्या बोर्डावर काय बसवलंय.

आणि कळत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये व्हर्बोज आउटपुट नावाचे दोन चौकोन आहेत, अपलोडचा टिक करा. मग आतमध्ये नेमका कुठला पोर्ट, कुठला स्पीड वापरला जातोय ते सगळं दिसतं.

सीरियल मॉनिटर

बोर्डाशी बोलायची ही खिडकी, वर उजव्या कोपऱ्यात. इथे कचरा अक्षरं येतायत म्हणजे बॉड रेट (दोघांचा बोलायचा स्पीड) जुळत नाहीये. कोडमध्ये सीरियल बिगिनच्या कंसात जो आकडा आहे, उनोच्या उदाहरणांत बहुतेक ९६००, ईएसपी३२ च्या उदाहरणांत ११५२००, तोच खाली ड्रॉपडाउनमध्ये निवडायचा. ईएसपी८२६६ (ईएसपी३२ चा जुना भाऊ) चालू होताना पहिल्या एक-दोन ओळी कचराच येतात कारण तो स्वतःचे बूट मेसेज ७४८८० या विचित्र स्पीडने पाठवतो, त्याचं टेन्शन घेऊ नका.

ईएसपी३२ जोडायचा तर

उनो जमल्यावर हे करा, आधी नको. ईएसपी३२ मध्ये वायफाय, ब्लूटूथ, दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, किंमत मात्र उनोच्या आसपासच, त्यामुळे मोह होतो.

हा चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचा आहे, त्याचं पॅकेज आयडीईत वेगळं टाकावं लागतं. एस्प्रेसिफच्या आर्डुइनोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक जेसनची लिंक दिली आहे, ती कॉपी करून प्रेफरन्सेसमध्ये सगळ्यात खाली ॲडिशनल बोर्ड्स मॅनेजर यूआरएल्सच्या चौकोनात टाका. मग डावीकडे बोर्ड्स मॅनेजर, ईएसपी३२ शोधा, एस्प्रेसिफ सिस्टिम्सचं नाव असलेलं घ्या. डाउनलोड काहीशे एमबीचं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर शिल्लक डेटा बघून बसा आणि लाइट जायच्या वेळेला सुरू करू नका. मधे तुटलं तर परत इन्स्टॉल दाबा.

व्हर्जन बघून घ्या. २०२४ मध्ये ३.० आली आणि त्यात काही फंक्शन बदलली, विशेषतः पीडब्ल्यूएमची (पिन झपाट्याने चालू-बंद करून एलईडी मंद-तेज करण्याची). जुन्या व्हिडिओतला एलईडीसी सेटअप वापरणारा कोड आता कंपाइल होत नाही, डिक्लेअर केलेलं नाही म्हणतो. कोड बदलायचा नसेल तर बोर्ड्स मॅनेजरमध्ये व्हर्जनच्या ड्रॉपडाउनमधून २ च्या मालिकेतलं शेवटचं, २.०.१७, निवडा.

बोर्ड कोणता? ३० पिनांचा साधा बोर्ड असेल तर डीओआयटी डेवकिट व्ही१, किंवा सरळ ईएसपी३२ डेव मॉड्यूल, दोन्ही चालतात. अपलोड करताना कनेक्टिंग आणि पुढे टिंबं टिंबं येत राहिली आणि शेवटी राँग बूट मोड म्हणून थांबलं तर बोर्डावरचं बूट लिहिलेलं बटण दाबून धरा, अपलोड मारा, टिंबं यायला लागली आणि टक्केवारी सुरू झाली की सोडा. काही बोर्डांना हे दर वेळी करावं लागतं. काही लोक ईएन आणि ग्राउंड (जीएनडी) या पिनांच्या मधे एक छोटा कपॅसिटर लावून यातून सुटका करून घेतात, पण ते पुढचं.

इथला ब्लिंकही फसवतो. बऱ्याच डेवकिट बोर्डांवर निळा एलईडी २ नंबरच्या पिनला असतो, पण काहींवर असा एलईडीच नसतो, नुसता पॉवरचा लाल. मग कितीही वेळा ब्लिंक टाका, काय लुकलुकणार? अशा वेळी वायफायच्या उदाहरणांतलं वायफाय स्कॅन टाका, सीरियल मॉनिटर ११५२०० वर ठेवा, शेजाऱ्यांच्या सगळ्या वायफायची नावं आली की झालं. तुमचं स्वतःचं वायफाय यादीत नसेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर असेल, साध्या ईएसपी३२ ला फक्त २.४ च दिसतं.

अजून एक, याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. उनोसाठी लिहिलेल्या सर्किटमधला ५ व्होल्ट देणारा सेन्सर सरळ लावलात तर पिन जाऊ शकते.

लिनक्सवाले

ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत, पण दोन अडथळे ठरलेले. पहिला परमिशन डिनाइड. उबंटू किंवा डेबियनवर तुमचा युजर डायलआउट ग्रुपमध्ये हवा. कमांड अशी: सुडो, यूजरमॉड, मग हायफन आणि त्याला चिकटून लहान ए, मोठा जी, मग डायलआउट, मग तुमचं युजरनेम, अर्थात सगळं इंग्रजी अक्षरात. तो लहान ए विसरू नका, नाहीतर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून, सुडोसकट, बाहेर फेकले जाल. नंतर लॉगआउट करून परत लॉगइन, नुसतं टर्मिनल बंद करून चालत नाही. आर्च वापरत असाल तर तिथे ग्रुपचं नाव यूयूसीपी आहे.

दुसरा अडथळा उबंटू २२.०४ वर खूप जणांना आला. सीएच३४० चा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर येतो आणि गायब होतो. कारण बीआरएलटीटीवाय नावाचं अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचं सॉफ्टवेअर त्या चिपला ब्रेल डिस्प्ले समजून धरून ठेवतं. तुमच्या घरात ब्रेल डिस्प्ले कोणी वापरत नसेल तर ॲप्टने ते काढून टाका, पोर्ट परत येतो.

आयडीई ॲपइमेजमध्ये येते, डबल क्लिक करून उघडत नसेल तर लिबफ्यूज२ टाकावं लागतं. ओरिजिनल उनो टीटीवाय एसीएम० म्हणून दिसतो, सीएच३४० आणि सीपी२१०२ वाले टीटीवाय यूएसबी० म्हणून.

मॅकवर मोहावे पासून सीएच३४० चा ड्रायव्हर आतच आहे, वरून दुसरा टाकायला जाऊ नका, दोघांचं भांडण होतं.

कॉम्प्युटरच नाही, किंवा बोर्ड अजून आला नाही

अँड्रॉइड फोनवर आर्डुइनोड्रॉइड नावाचं ॲप आहे, ओटीजी अडॅप्टर लावून उनोवर अपलोड होतो. छोट्या स्क्रीनवर वैताग येतो पण चालतं. बोर्ड कुरिअरमध्ये अडकला असेल तर वोक्वी किंवा टिंकरकॅड ही बोर्डाची नक्कल करणारी साइट ब्राउझरमध्ये उघडा, ब्लिंक तिथेच लिहून बघा.

पायथन येत असेल आणि ड्रायव्हरचा कंटाळा आला असेल तर रास्पबेरी पाय पायको हा बोर्ड बघा, २०२१ च्या जानेवारीत आला. बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावली की तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, मायक्रोपायथनची फाइल त्यात ओढून टाकायची, मग एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेलं थॉनी नावाचं सॉफ्टवेअर उघडून लिहायला सुरुवात. आयडीईऐवजी व्हीएस कोड हा एडिटर आणि त्यात चालणारं प्लॅटफॉर्मआयओ चांगलं आहे, पण पहिल्या महिन्यात नको, तिथे अडचण आली तर ती नेमकी कुठल्या थरात आहे हे नवीन माणसाला कळत नाही.

मदत मागताना

ग्रुपवर नुसतं "सर अपलोड नाही होत, प्लीज हेल्प" टाकलंत तर कोणी उत्तर देत नाही, देणार तरी काय? स्क्रीनचा तिरका, चकाकणारा फोटो पण नको. एररचं पूर्ण टेक्स्ट कॉपी करा. बोर्डाचं नाव, यूएसबीजवळच्या चिपचं नाव, विंडोज का लिनक्स, आयडीईचं आणि पॅकेजचं व्हर्जन लिहा. रिकाम्या बोर्डावर डिले १०० केलेला ब्लिंक चालतो का नाही, हे पहिल्या ओळीतच सांगा, कारण चालत असेल तर तुमचा कोड आणि वायरिंग बघायचं, नसेल तर केबल-ड्रायव्हर-पोर्ट, आणि उत्तर देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो.